मॉरिशसचा तांबालाकोक वृक्ष : न उगवणाऱ्या बियांची खरी गोष्ट



शिवारफेरीत किंवा मेळाव्यात एक तक्रार हमखास कानावर येते, "बी टाकले, पण उगवलेच नाही." पाठोपाठ कारणही तयार असते. कोणी म्हणतो कवच कठीण होते, कोणी म्हणतो बी जुने होते, तर कोणी म्हणतो नक्षत्र चुकले. यांपैकी एखादे कारण खरेही असते. परंतु ते खरे आहे की नाही हे तपासून पाहणारा शेतकरी विरळा असतो. आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर तपासून न पाहण्याची चूक शास्त्रज्ञांकडूनही होते. या लेखात अशाच एका झाडाची हकीकत दिली आहे.

हे झाड आपल्याकडचे नाही. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाखेरीज ते जगात कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. त्याचे नाव तांबालाकोक. या झाडाबद्दल एक सुंदर गोष्ट जगभर सांगितली गेली आणि ती इतकी पटण्यासारखी होती की पाठ्यपुस्तकांतही शिरली. प्रस्तुत लेखकानेही ती काही वर्षे विद्यार्थ्यांना फळ्यावर चित्र काढून शिकविली. पुढे मूळ प्रयोगाचे आकडे वाचावयास मिळाले तेव्हा चूक लक्षात आली. ही चूक कशी झाली आणि झाडाच्या मुळावर खरोखर काय उठले आहे, हे समजून घेतल्यास आपल्या बांधावरच्या व देवराईतल्या झाडांबाबतही बरेच काही शिकता येते.

मॉरिशस आणि आपण

मॉरिशस हे मादागास्करच्या पूर्वेस असलेले ज्वालामुखीपासून बनलेले बेट आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. खडक आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बेसाल्ट. मधल्या उंच भागात पाऊस भरपूर पडतो आणि तेथेच या बेटाचे सदाहरित जंगल होते.

या बेटाशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. १८३४ पासून ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तेथे नेण्यास प्रारंभ केला. त्यांत मुंबई इलाख्यातून, विशेषतः रत्नागिरीच्या परिसरातून गेलेली कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांनी आपले सण टिकविले. आजही तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि शाळांतून मराठी शिकविली जाते. पोर्ट लुई बंदरातील ज्या घाटावर हे मजूर उतरत, तो 'आप्रवासी घाट' २००६ साली जागतिक वारसा स्थळ म्हणून घोषित झाला.

हे मजूर नेले गेले ते उसासाठी. तेथील उसाच्या फडांमध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग आजही दिसतात. जमीन साफ करताना मजुरांनी हाताने वेचून रचलेले हे दगड आहेत. त्या दगडांच्या जागी पूर्वी जे उभे होते त्याच्याशी आपल्या गोष्टीचा संबंध आहे.

झाडाची ओळख

तांबालाकोकचे शास्त्रीय नाव सायडेरॉक्सिलॉन ग्रँडिफ्लोरम असे आहे. जुन्या पुस्तकांत ते कॅल्व्हेरिया मेजर या नावाने सापडते. ते सॅपोटेसी कुळातील आहे. हे कूळ आपल्याला अजिबात परके नाही. चिकू, मोह, बकुळ आणि खिरणी ही सर्व याच कुळातील झाडे आहेत. चिकूचे कच्चे फळ तोडले की देठातून पांढरा चीक गळतो. तसाच चीक तांबालाकोकलाही असतो.

हे उंच वाढणारे, दीर्घायुषी आणि सदाहरित झाड आहे. त्याचे लाकूड मजबूत असल्याने पूर्वी त्यास मागणी होती. फळात बाहेरून गर आणि आत एकच मोठी बी असते. या बीचे कवच हा सगळ्या वादाचा विषय आहे. कवच लाकडासारखे कठीण असून त्याची भिंत काही ठिकाणी १५ मिलिमीटरपर्यंत जाड असते. हातोडीशिवाय ती फुटणार नाही असे पाहणाऱ्यास वाटते.

डोडो पक्ष्याची गोष्ट

मॉरिशसवर डोडो नावाचा पक्षी राहत असे. तो कबुतराच्या कुळातील, पण आकाराने टर्कीपेक्षाही मोठा असून त्यास उडता येत नव्हते. १५९८ साली डच खलाशी बेटावर उतरले. त्यानंतर जेमतेम शंभर वर्षांच्या आत हा पक्षी नामशेष झाला. १६६२ नंतर तो पाहिल्याची सर्वांना मान्य होईल अशी नोंद नाही.

१९७७ साली स्टॅन्ली टेंपल या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते. मॉरिशसवर तांबालाकोकची फक्त १३ झाडे उरली असून ती सर्व ३०० वर्षांहून जुनी आहेत. म्हणजे डोडो गेल्यापासून एकही नवे झाड उगवलेले नाही. डोडो ही फळे गिळत असे, त्याच्या पोटातील दगडगोट्यांनी कवच घासून पातळ होत असे आणि मगच बी उगवत असे. डोडो नाहीसा झाला आणि झाडाचा वंश थांबला.

हे सिद्ध करण्यासाठी टेंपल यांनी टर्की पक्ष्यांना १७ बिया बळेच चारल्या. त्यांपैकी ७ बिया पोटातच फुटल्या. उरलेल्या १० घासल्या जाऊन बाहेर आल्या. त्या लावल्यावर ३ उगवल्या. तीनशे वर्षांनंतर उगवलेल्या या पहिल्याच बिया असाव्यात, असेही त्यांनी सुचविले.

गोष्ट मनाला भिडणारी आहे. एक पक्षी गेला आणि त्याच्या मागोमाग एक झाड निघाले. वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली आणि तांबालाकोकला 'डोडोचे झाड' असे नावच पडले.

प्रयोगात काय राहून गेले?

शेतकरी बंधूंनो, वरील प्रयोग पुन्हा एकदा वाचावा. १० बियांपैकी ३ उगवल्या हे खरे. परंतु टर्कीला न चारलेल्या बिया शेजारच्या वाफ्यात लावल्याच नव्हत्या. मग या तीन बिया घासल्यामुळे उगवल्या, की न घासताही उगवल्या असत्या, हे ठरविणार कसे? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्यानेच मोडली असे म्हणता येत नाही.

लवकरच आक्षेप पुढे आले. १९७९ साली मॉरिशसच्या वनसेवेतील ए. डब्ल्यू. ओवादल्ली यांनी उत्तर दिले. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या जंगलाच्या पाहणीत तांबालाकोकची बरीच तरुण झाडे नोंदविली गेली होती. त्यांचे वय ७५ ते १०० वर्षांहून कमी होते. डोडो तर त्याआधी अडीचशे वर्षांपूर्वीच संपला होता. शिवाय वनखाते कोणत्याही पक्ष्याच्या मदतीशिवाय या झाडाची रोपे तयार करीत होते.

दुसरा पुरावा याहूनही जुना होता. इंग्लंडमधील क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती उद्यानाचे संचालक सर आर्थर हिल यांनी १९४१ साली याच बियांच्या उगवणीचे सविस्तर वर्णन केले होते. अक्रोडाच्या कवचाला जशी सांध्याची रेघ असते, तशी या बीच्या कवचालाही एक कमकुवत रेघ असते. ओलावा मिळाला की आतील गर्भ फुगतो आणि त्या रेघेवर कवचाचा एक भाग झाकणासारखा उचलला जाऊन मोड बाहेर येतो. कवच कितीही जाड असले तरी दार आधीच ठेवलेले आहे. ते बाहेरून फोडावे लागत नाही, आतून उघडते.

झाडांच्या वयाचाही प्रश्न होता. थंड देशांत झाडाच्या खोडातील वर्षवलये मोजून वय काढतात. तांबालाकोकला अशी मोजता येण्याजोगी वलये नसतात. तेव्हा ३०० वर्षे हा आकडा अंदाजाचा होता. १३ झाडांचा आकडाही टिकला नाही. बेटावर या जातीची झाडे शेकड्यांनी असल्याचे पुढे दिसून आले. १९९१ साली विट्मर आणि चेक या दोन संशोधकांनी सर्व पुरावा एकत्र तपासला आणि डोडोवाचून ही बी उगवत नाही हा दावा टिकत नसल्याचे दाखविले.

याचा अर्थ डोडो ही फळे खातच नव्हता असा नव्हे. डोडो, बेटावरची महाकाय कासवे आणि मोठे पोपट या सर्वांनी ती खाल्ली असतील आणि बिया इकडेतिकडे नेल्या असतील. गर खाल्ला गेल्याने बीचा फायदाही होत असावा, कारण गर तसाच राहिल्यास तो कुजतो आणि बुरशी बीपर्यंत पोहोचते. परंतु 'मदत होते' आणि 'त्यावाचून अडते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोपवाटिका चालविणाऱ्यांना हा फरक सांगावयास नको.

मग झाड दुर्मीळ का झाले?

येथे मूळ मुद्दा येतो. झाड दुर्मीळ आहे हे खरेच आहे. फक्त त्याचे कारण बीच्या कवचात शोधले गेले आणि ते होते कवचाबाहेर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही स्थिती. खरी कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

१) जमीनच गेली. डचांनी आबनुसाच्या काळ्या लाकडासाठी जंगल तोडण्यास प्रारंभ केला. १६३९ साली त्यांनीच जावामधून ऊस आणला. पुढे फ्रेंच आले आणि १८१० साली बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८२५ साली ब्रिटनच्या बाजारात मॉरिशसच्या साखरेवरील जादा जकात उठली आणि उसाखालील क्षेत्र झपाट्याने वाढले. सपाट जमीन संपली तेव्हा चढावरचे जंगलही साफ झाले. पुढच्या काळात उंच भागात चहा व पाइन यांची लागवड झाली. आज चांगल्या स्थितीतील मूळ जंगल बेटाच्या २ टक्क्यांहूनही कमी जमिनीवर उरले आहे. शंभर एकरांच्या शिवारात दोन एकर म्हणा.

२) फळ पिकण्याआधीच जाते. मॉरिशसवर वटवाघळे सोडल्यास जमिनीवरचा कोणताही सस्तन प्राणी मूळचा नव्हता. माकडे, हरणे, डुकरे आणि उंदीर हे सर्व जहाजांतून आले. जावाची हरणे १६३९ साली आणली गेली. माकडे साधारण त्याच काळातील. ही माकडे तांबालाकोकची फळे कच्ची असतानाच तोडतात आणि टाकून देतात. कोकणातील आंबा व नारळ बागायतदारांना माकडांचा हा स्वभाव चांगला ठाऊक आहे. फरक इतकाच की बागायतदाराचे एका हंगामाचे उत्पन्न जाते, तेथे पुढची पिढी जाते.

३) रोप मोठे होत नाही. उगवलेले कोवळे रोप हरीण खाते आणि डुक्कर जमीन उकरते. बेटावरच्या झाडांना अशा प्राण्यांची सवय नसल्याने त्यांच्याजवळ प्रतिकाराचे साधन थोडे असते.

४) तणांची दाटी. यात सर्वांत त्रासदायक आहे तो ब्राझीलमधून आणलेला लहान लाल फळाचा पेरू. तो आपल्या पेरूचा भाऊबंदच. त्याची फळे डुकरे, माकडे व पक्षी आवडीने खातात आणि बी सर्वत्र पसरते. जंगलाच्या जमिनीवर या पेरूच्या काठ्यांची इतकी दाटी होते की दुसऱ्या रोपास ऊन मिळत नाही. आपल्याकडे घाणेरी आणि रानमोडी यांनी माळ व जंगलाचे काय केले आहे ते डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे कल्पना येईल. हे तण रोपांनाच नव्हे तर मोठ्या झाडांनाही पोषणासाठी स्पर्धा करते. मॉरिशसमधील संशोधकांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, तण काढलेल्या जंगलात अनेक स्थानिक जातींच्या झाडांना तण असलेल्या जंगलापेक्षा अधिक फुले व फळे आली. पिकाला जे लागू तेच जंगललाही लागू आहे.

वरील चारही कारणांत बीच्या कवचाचा कोठेही संबंध येत नाही. समजा, टर्की पाळून लाखभर बिया घासून काढल्या आणि त्या पेरूच्या जाळीत टाकल्या, तर एकही झाड उभे राहणार नाही. चुकीच्या निदानाचे हेच नुकसान असते. औषधाचा खर्च होतो, वेळ जातो आणि रोग वाढतच राहतो.

आता तेथे काय केले जाते?

१९८० च्या दशकापासून मॉरिशसमध्ये उरलेल्या जंगलाचे निवडक तुकडे कुंपण घालून राखण्यास प्रारंभ झाला. कुंपणामुळे हरीण व डुक्कर आत येत नाहीत. आतील परदेशी तण मजुरांकरवी हाताने काढले जाते आणि दरवर्षी पुन्हा फेरी मारून नवीन फुटवे उपटले जातात. काम खर्चाचे आणि चिकाटीचे आहे, परंतु खुरपणी केल्यावर पीक जसे उचल घेते तशीच उचल तेथील जंगल घेताना दिसते. माकडे मात्र कुंपणाला दाद देत नाहीत. १९९४ साली ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ६,५७४ हेक्टर असून शिल्लक जंगलाचा मोठा भाग त्यात येतो.

बियांच्या प्रसाराचा प्रश्नही डोळसपणे हाताळला गेला. मुख्य बेटाजवळ ईल-ओ-एग्रेत नावाचे सुमारे २५ हेक्टरचे लहान बेट आहे. मॉरिशसची मूळ महाकाय कासवे नष्ट झाली असल्याने, २००० सालापासून तेथे अल्दाब्रा बेटावरच्या महाकाय कासवांना सोडण्यात आले. या बेटावर आपल्या टेंभुर्णीच्या कुळातील आबनुसाची एक दुर्मीळ जात आहे. कासवांनी तिची फळे खाल्ली आणि बिया दूरवर टाकल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कासवाच्या पोटातून आलेल्या बियांची उगवण अधिक चांगली झाली. महत्त्वाची गोष्ट अशी की, या वेळी न खाल्लेल्या बियाही तुलनेसाठी लावून पाहिल्या होत्या. त्यामुळे हा निष्कर्ष टिकाऊ आहे.

एक प्रश्न मात्र फळबागायतदारांच्या जिव्हाळ्याचा आहे आणि तो अजून सुटलेला नाही. मॉरिशसचे मोठे फळवटवाघूळ लिची व आंब्याच्या बागांवर येते. बागायतदारांची तक्रार खोटी नाही, नुकसान होते. २०१५ पासून सरकारने हजारो वटवाघळे मारली. परंतु हेच वटवाघूळ जंगलातील अनेक झाडांची फळे खाऊन बिया लांबवर नेते. डोडो, कासवे आणि मोठे पोपट गेल्यानंतर हे काम करणारे मोठे प्राणी फारसे उरलेले नाहीत. २०१८ साली या वटवाघळाचा समावेश धोक्यात आलेल्या जातींत करण्यात आला. झाडांवर जाळी टाकणे हा यावरचा कमी नुकसानीचा उपाय आहे, पण त्यास खर्च येतो आणि उंच वाढलेल्या जुन्या झाडांवर जाळी टाकणे अवघड जाते. म्हणून झाड छाटून आटोपशीर ठेवणे हेदेखील यात येते. बागायतदार आणि जंगल यांच्यात असा पेच आपल्याकडेही आहे. त्याचे उत्तर एका बाजूचा नाश करून मिळत नाही, एवढे तरी यावरून दिसते.

आपल्या शेतावर काय करावे?

तांबालाकोकच्या हकीकतीतून आपल्या कामाच्या दोन पद्धती घेता येतात.

पहिली पद्धत : तुटलेली कडी शोधणे. बांधावरील, परड्यातील किंवा देवराईतील एखाद्या जातीची नवीन झाडे दिसत नसतील, तर थेट बीला दोष न देता पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१) झाडास फुले येतात काय आणि फळ धरते काय?
२) फळ झाडावर पिकते, की आधीच तोडले वा खाल्ले जाते?
३) झाडाखाली चांगले बी सापडते काय? दहा-वीस बिया चिरून पाहाव्यात. आतील गर पांढरा व घट्ट असावा. पोकळ, किडके वा काळे पडलेले बी उगवणार नाही.
४) पावसाळ्यात झाडाखाली व आसपास रोपे दिसतात काय?
५) तीच रोपे पुढील उन्हाळ्यानंतर शिल्लक राहतात काय? नसल्यास चराई, वणवा, तण की पाण्याचा ताण?
६) कमरेएवढी आणि पुरुषभर उंचीची झाडे आहेत काय?

ज्या पायरीवर उत्तर 'नाही' येईल तेथे कडी तुटलेली आहे. उपाय त्याच ठिकाणी करावा. तांबालाकोकची कडी प्रामुख्याने दुसऱ्या आणि पाचव्या पायरीवर तुटत होती, शोध मात्र तिसऱ्या-चौथ्या पायरीवर चालला होता.

आपल्याच मोहाचे उदाहरण घ्यावे. मोहाची जुनी झाडे भरपूर, पण तरुण झाडे कमी, असे अनेक गावांत दिसते. बीची उगवण वाईट असते म्हणावे, तर ताजे बी चांगले उगवते. अडचण अशी आहे की, फुले वेचण्यासाठी झाडाखाली जाळ लावला जातो, बिया तेलासाठी गोळा होतात आणि उरलेल्या रोपांवर गुरे चरतात. तेव्हा चार झाडांखालची जागा दोन-तीन वर्षे काट्यांचे कुंपण घालून राखणे हा बीप्रक्रियेपेक्षा मोठा उपाय आहे. लागवड करावयाची असल्यास मोहाचे बी साठवून ठेवू नये. त्याची उगवणक्षमता थोड्याच आठवड्यांत घटते, म्हणून फळातून काढल्यावर लगेच पिशवीत लावावे.

दुसरी पद्धत : तुलनेचा वाफा. काही बियांना प्रक्रिया खरोखरच लागते. सुबाभळीसारख्या कठीण कवचाच्या बियांना गरम पाण्याची प्रक्रिया करतात. सागाचे बी आळीपाळीने भिजवून वाळवितात. चिकूच्या कलमांसाठी खुंट म्हणून वापरल्या जाणाऱ्या खिरणीचे बीही चकचकीत कठीण कवचाचे असून सावकाश उगवते. परंतु कोणतीही प्रक्रिया आपल्या बियाण्यास उपयोगी पडते की नाही, हे खालीलप्रमाणे तपासून घ्यावे.

* एकाच झाडाचे किंवा एकाच ढिगातील बी घ्यावे. गर धुऊन स्वच्छ करावा व सर्व बी नीट मिसळावे.
* त्याचे सारख्या संख्येचे दोन वाटे करावेत. शक्यतो प्रत्येकी १०० बिया घ्याव्यात. १७ बियांवरून निष्कर्ष काढू नये.
* एका वाट्यास प्रक्रिया करावी. दुसऱ्यास काहीही करू नये.
* दोन्ही वाटे एकाच दिवशी, एकाच मातीत, सारख्या खोलीवर आणि शेजारी शेजारी लावावेत. पाणी व सावली सारखी असावी. पाटीवर तारीख व प्रक्रिया लिहावी.
* ठरावीक दिवसांनी उगवलेली रोपे मोजून वहीत नोंद करावी. सावकाश उगवणाऱ्या जातींचा वाफा एका हंगामापूर्वी मोडू नये.
* शेवटी न उगवलेले बी उकरून चिरून पाहावे. ते कुजले आहे की अजून निरोगी आहे, यावरून कारण कळते.
* दोन वाट्यांत ५२ आणि ५७ असा थोडा फरक पडल्यास तो योगायोगही असू शकतो. पुढील वर्षी पुन्हा करून पाहावे. २० आणि ७० असा फरक आल्यास प्रक्रिया उपयोगी आहे असे समजण्यास हरकत नाही.

हीच पद्धत नवीन खत, संप्रेरक किंवा फवारणीचे औषध यांनाही लागू पडते. सर्व शेतावर औषध मारले आणि पीक चांगले आले, म्हणजे ते औषधाने आले असे नव्हे. त्या वर्षी पाऊसही चांगला झालेला असतो. चार ओळी न फवारता सोडाव्यात. विक्रेत्याचे बोलणे, शेजाऱ्याचा अनुभव आणि आपल्या मनाची ओढ या तिघांपेक्षा त्या चार ओळींची साक्ष अधिक खरी असते.

समारोप

मॉरिशसच्या उंच भागात आज जी तांबालाकोकची झाडे उभी आहेत, त्यांना डोडो परत येण्याची वाट पाहावी लागत नाही. त्यांना पिकेपर्यंत टिकणारी फळे, तण काढलेली जमीन आणि कुंपण हवे आहे. या गोष्टी माणसाच्या हातातील आहेत आणि थोड्या क्षेत्रावर का होईना, तेथे केल्या जात आहेत. डोडोच्या गोष्टीत मात्र माणसाला करण्यासारखे काही उरतच नव्हते. पक्षी गेला, झाडही जाणार, असे म्हणून हळहळणे एवढेच शिल्लक होते. खरे कारण कळले तेव्हाच कामाला जागा झाली.

बेटावरच्या झाडास जाण्यास दुसरी जागा नसते. तेथील जंगल तुटले की जगातून ती जात जाते. आपल्या गावची देवराई, ओढ्याकाठची रांग किंवा सर्व बाजूंनी नांगरलेल्या जमिनीत उरलेला झाडांचा गट हीदेखील एक प्रकारची बेटेच आहेत. त्यांतील एखाद्या जुन्या झाडाखाली येत्या पावसाळ्यात एकदा जाऊन बसावे. वर दिलेले सहा प्रश्न विचारावेत आणि वहीत लिहावेत. रोपे असतील तर ती कोणापासून राखावयाची ते ठरवावे. नसतील तर कडी कोठे तुटली ते शोधावे. घाणेरी-रानमोडीचे फुटवे फुलावर येण्यापूर्वी उपटावेत आणि दोन-चार गुंठ्यांभोवती काट्यांची वई घालावी. एवढे काम एका कुटुंबास झेपण्यासारखे आहे, आणि त्यास सुरुवात करण्यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.